मेलमध्ये कचरा साचलाय? नको असलेले ई-मेल बंद कसे करायचे, फसवा मेल ओळखायचा कसा

"आम्ही कुठं ई-मेल वापरतो? आमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतंय." गावात कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. पण तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर तुमच्या नावावर एक जीमेल खातं नक्की आहे. त्याशिवाय प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेता येत नाही. बऱ्याच जणांचं हे खातं मोबाईलच्या दुकानात नाहीतर सेतू केंद्रावर पाच मिनिटांत उघडून दिलेलं असतं. पत्ता काय, पासवर्ड काय, हे आज विचारलं तर सांगता येत नाही.

आणि त्या खात्यात रोज मेल येऊन पडतायत. कर्ज मंजूर झालंय, साड्यांचा सेल लागलाय, क्रेडिट कार्ड फुकट, घरबसल्या नोकरी, लॉटरी. सगळं इंग्रजीत, म्हणून आपण उघडतही नाही. आकडा वाढत वाढत दोन-चार हजारांवर गेलेला असतो. या कचऱ्याला 'स्पॅम' म्हणतात. तो आपोआप पूर्ण थांबत नाही, पण बराच कमी करता येतो. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, हातातला फोन पुरतो.

राहू दिलं तर बिघडतं काय?

बिघडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, कामाचा मेल हरवतो. मुलीच्या कॉलेज प्रवेशाची सूचना, भरती परीक्षेचं हॉल तिकीट, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, विम्याची पॉलिसी, बँकेचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट हे सगळं मेलवर येतं. तीनशे जाहिरातींच्या ढिगात हा एक मेल दिसत नाही आणि तारीख निघून जाते.

दुसरं, जागा भरते. गुगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट देतं. ही जागा जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांत मिळून आहे. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा याच १५ जीबीत मोजला जातो. जागा पूर्ण भरली की नवीन मेल येणं बंद होतं. तुम्हाला कुणी मेल पाठवला तर तो परत त्याच्याकडे जातो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

तिसरं सगळ्यात मोठं. कचऱ्यातले बहुतेक मेल नुसती जाहिरात असतात, पण त्यातच काही फसवे असतात. शंभर जाहिरातींत एक सापळा. आणि तुमचं जीमेल खातं म्हणजे फोनची मुख्य किल्ली आहे. दुसऱ्या कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरला की नवीन पासवर्डची लिंक बहुतेक वेळा मेलवरच येते. मेल ज्याच्या हातात गेला, त्याच्या हातात तुमचे फोटो, मोबाईल नंबरांची यादी, फेसबुक आणि मेलवर आलेली सगळी कागदपत्रं गेली.

आपला पत्ता यांच्याकडे गेला कसा?

हा धंदा आजचा नाही. अमेरिकेत ३ मे १९७८ रोजी कॉम्प्युटर विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल पाठवला. तो पहिला स्पॅम मानला जातो. लोक चिडले, पण कंपनीची विक्रीही झाली. तेव्हापासून हे सुरू आहे, कारण मेल पाठवायला खर्च जवळपास नसतो. लाख लोकांना पाठवून दोघे-चौघे फसले तरी पाठवणाऱ्याचं भागतं.

आपला पत्ता बाहेर जातो तो साधारण या वाटांनी:

- तालुक्याच्या शोरूममध्ये 'लकी ड्रॉ'चं कार्ड भरताना, बिलाच्या वेळी नंबर आणि मेल सांगताना.
- कर्ज, नोकरी, क्लास, जमीन-घर यांच्या वेबसाइटवर 'चौकशी' म्हणून फॉर्म भरताना. एका ठिकाणी भरलेली माहिती दहा ठिकाणी पोचते.
- अ‍ॅप टाकताना 'साइन इन विथ गुगल' दाबल्यावर. नाव आणि मेल पत्ता त्या अ‍ॅपकडे जातो.
- एखाद्या मोठ्या कंपनीचा डेटा चोरीला गेल्यावर. यात तुमची काही चूक नसते.
- अंदाजाने. नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून मशीन लाखो पत्ते तयार करतं आणि सगळ्यांवर मेल सोडतं. त्यातला जो लागला तो लागला.

म्हणून 'मी तर कुणाला पत्ता दिलाच नाही' असं असलं तरी मेल येऊ शकतात. घाबरायचं कारण नाही. मेल नुसता आला म्हणून पैसे जात नाहीत. त्यातल्या लिंकवर जाऊन माहिती भरली, जोडलेली फाइल उघडली किंवा अ‍ॅप टाकलं तर जातात.

आधी तीन ढीग करा

सगळ्या कचऱ्याला एकच औषध नाही, इथंच बऱ्याच जणांची गडबड होते. मेल बघितला की तो कुठल्या ढिगातला, एवढं ठरवायचं.

ढीग एक: ओळखीच्या कंपनीचे मेल. ज्या दुकानातून ऑनलाइन खरेदी केली, जे अ‍ॅप तुम्ही वापरता, त्यांच्या जाहिराती.

ढीग दोन: कधी नावही ऐकलं नाही अशांच्या जाहिराती.

ढीग तीन: फसवे मेल. भीती घालणारे, घाई करायला लावणारे, पैसे किंवा माहिती मागणारे.

ढीग एक: अनसबस्क्राइब करा

ओळखीच्या कंपनीचा मेल उघडा. वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळ किंवा उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'अनसबस्क्राइब' असा शब्द दिसतो. म्हणजे 'मला यापुढे पाठवू नका'. तो दाबा. मेलच्या अगदी तळाला बारीक अक्षरातही तो असतो, पण जीमेलने वर दिलेलं बटण वापरणं जास्त बरं.

हे बटण आता पहिल्यापेक्षा नीट काम करतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्या कंपन्यांना नियम घातलेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत बंद होणारं अनसबस्क्राइब द्यायचं, आणि कुणी ते दाबलं तर दोन दिवसांत मेल थांबवायचे. म्हणून आज दाबलं तर लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी फरक दिसेल.

काहींच्या जीमेल अ‍ॅपमध्ये डावीकडच्या तीन रेघांच्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असा पर्याय आलेला आहे. त्यात कोण किती मेल पाठवतो याची यादीच मिळते, तिथून एकेक बंद करता येतो. दिसत नसेल तर अ‍ॅप अपडेट करून बघा.

एक लक्षात ठेवा: बँक, विमा कंपनी, गॅस एजन्सी यांना सरसकट बंद करू नका. त्यांची जाहिरात बंद करायची, व्यवहाराची माहिती चालू ठेवायची.

ढीग दोन: रिपोर्ट स्पॅम, बाकी कशालाही हात लावायचा नाही

अनोळखी मेलमध्येसुद्धा खाली 'अनसबस्क्राइब'ची लिंक असते. ती दाबायची नाही. एकतर तिच्यामागं दुसरीच वेबसाइट असू शकते. नाहीतर तुम्ही दाबलं यावरून पाठवणाऱ्याला कळतं, की हा पत्ता चालू आहे, इथं कुणीतरी मेल वाचतंय. मग कमी व्हायच्या ऐवजी मेल वाढतात. "मला मेल पाठवू नका" असं उत्तर पाठवणं, शिव्या देणं यानेही तेच होतं.

करायचं एवढंच: मेलच्या यादीत त्या मेलवर बोट दाबून धरा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. तो मेल स्पॅमच्या कप्प्यात जातो आणि ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. शिवाय जीमेलला खूण पटते, की असे मेल पुढं बाजूला टाकायचे. जितके जण रिपोर्ट करतील तितकी त्या पाठवणाऱ्याची पत घसरते आणि त्याचे मेल इतरांच्याही स्पॅममध्ये पडायला लागतात. म्हणून नुसतं डिलीट करण्यापेक्षा रिपोर्ट करणं चांगलं. डिलीट केल्याने तो एक मेल जातो, उद्या दुसरा येतो.

एकच पत्ता सारखा त्रास देत असेल तर मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावासमोरच्या तीन टिंबांत 'ब्लॉक' दाबा. त्या पत्त्यावरून पुढं येणारे मेल थेट स्पॅममध्ये जातील. पण नवनवीन पत्त्यांवरून पाठवणाऱ्यांना ब्लॉकचा उपयोग होत नाही, तिथं रिपोर्टच लागतो.

आणखी एक सेटिंग करून ठेवा. जाहिरातीच्या मेलमध्ये न दिसणारं बारीक चित्र लावलेलं असतं. मेल उघडला की ते चित्र उघडतं आणि पाठवणाऱ्याला कळतं. जीमेल अ‍ॅपमध्ये तीन रेघा, मग सेटिंग्ज, मग आपलं खातं, मग 'इमेजेस' इथं जाऊन 'विचारल्याशिवाय बाहेरची चित्रं दाखवू नका' या अर्थाचा, 'आस्क' शब्दाने सुरू होणारा पर्याय निवडा. तुमचा डेटाही थोडा वाचेल.

ढीग तीन: फसवा मेल ओळखायचा कसा?

नाव बघून फसू नका. मेलवर वर जे ठळक नाव दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असतं. पाकिटावर 'प्रेषक: जिल्हाधिकारी' असं कुणीही लिहू शकतं, तसंच हे. नावाखालचा छोटा बाण दाबा म्हणजे खरा पत्ता दिसतो.

पत्ता शेवटून वाचायचा. आपण टपालाचा पत्ता लिहिताना आधी नाव, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. पाकीट कुठं जाणार हे शेवटचा भाग ठरवतो. मेलच्या पत्त्यातही @ या खुणेनंतरचा शेवटचा भाग महत्त्वाचा. केंद्र आणि राज्य सरकारचे मेल साधारणपणे 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यावर संपतात. समजा पत्त्यात आधी 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असं आहे, पण त्याच्याही पुढं आणखी टिंब देऊन भलतंच काही जोडलंय, तर तो सरकारचा नाही. आणि बँकेच्या नावाने आलेला मेल 'जीमेल डॉट कॉम'वरून असेल तर तिथंच समजून जा. कुठलीही बँक जीमेलवरून नोटीस काढत नाही.

बँकांच्या वेबसाइटसाठी रिझर्व्ह बँकेने आता वेगळा शेवट ठरवून दिलाय: 'बँक डॉट इन'. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट त्यावर न्यायच्या, असा आदेश होता. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. म्हणून लिंक उघडली आणि वर पत्त्यात हे शेवटी दिसलं नाही, तर काहीही भरू नका.

पाठवणाऱ्याच्या फोटोच्या जागी प्रश्नचिन्ह दिसत असेल तर जीमेलला त्याची ओळख पटलेली नाही, असा त्याचा अर्थ. काही मोठ्या कंपन्यांच्या नावापुढं निळी खूण दिसते, म्हणजे त्यांची ओळख तपासलेली आहे. पण प्रत्येक खऱ्या मेलला ती असतेच असं नाही.

सध्या फिरणारे नमुने असे:

- केवायसी संपली, आज रात्री खातं बंद होणार. लिंक उघडून आधार, पॅन, ओटीपी भरा.
- इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर. खाते क्रमांक आणि कार्डाची माहिती द्या. ज्याने कधी रिटर्न भरलंच नाही त्यालाही हा मेल येतो.
- ई-पॅन डाउनलोड करा. असे मेल खोटे आहेत, हे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे.
- पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, थोडे रुपये भरा. रक्कम छोटी असते, पण त्यांना कार्डाचा नंबर हवा असतो.
- नोकरी पक्की, नोंदणी फी भरा. मोठ्या कंपनीचं लेटरहेड, शिक्का, सही सगळं असतं. नोकरी देणारा पैसे मागत नाही.
- पोलीस, सीबीआय किंवा सायबर विभागाची नोटीस. तुम्ही अश्लील व्हिडिओ बघितला, २४ तासांत उत्तर द्या नाहीतर अटक. अशी बनावट पत्रं पीडीएफ करून मेलवर येतात. लाजेखातर लोक कुणाला सांगत नाहीत आणि पैसे भरतात. पोलीस मेलवर दंड मागत नाहीत आणि 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार कायद्यात नाही.
- तुमचा कॅमेरा आमच्या ताब्यात आहे, हा बघा तुमचा पासवर्ड. हे वाचून धडकी भरते, कारण पासवर्ड खरंच आपला जुना असतो. तो पूर्वी कुठल्या तरी चोरीला गेलेल्या यादीतून उचललेला असतो. व्हिडिओ बहुधा काहीच नसतो. पैसे भरू नका, उत्तर देऊ नका. तो पासवर्ड अजून कुठं वापरत असाल तर बदला.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या असतात: भीती किंवा लोभ, घाई, आणि मेलमधूनच पुढं जायचा आग्रह. म्हणून नियम एकच ठेवा. मेलमधल्या लिंकवरून बँकेत किंवा सरकारी वेबसाइटवर जायचंच नाही. खरंच शंका वाटली तर बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा, पासबुकावरच्या नंबरवर फोन करा, नाहीतर शाखेत जाऊन विचारा. खरा मेल असेल तर ती माहिती तिथंही दिसेलच.

जोडलेल्या फाइलचंही तसंच. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते अ‍ॅप आहे. योजनेची यादी, लग्नपत्रिका, चलन अशा कुठल्याही नावाने आलं तरी टाकू नका. अशी अ‍ॅप फोनमधले मेसेज वाचून ओटीपी पलीकडे पाठवतात. हाच प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरही होतो.

साठलेला ढीग कसा उपसायचा?

नवीन कचरा थांबवला, आता जुन्याचं बघू. जीमेलमध्ये 'प्रमोशन्स' हा कप्पा उघडा. एका मेलवर बोट दाबून धरा, वर 'सिलेक्ट ऑल' आलं की दाबा आणि कचऱ्याच्या डब्याची खूण दाबा. घाई करू नका, एकदा यादीवरून नजर फिरवा. डिलीट केलेले मेल ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतात, चुकून काही गेलं तर तिथून परत आणता येतं. जागा लगेच हवी असेल तर ट्रॅश आणि स्पॅम दोन्ही कप्पे 'एम्प्टी' करा.

पण खरं सांगायचं तर नुसत्या जाहिरातीचे मेल फार जागा खात नाहीत. जागा खातात व्हिडिओ, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गुगल', मग 'मॅनेज युअर गुगल अकाउंट', मग 'स्टोरेज' इथं गेलात की कशाने किती जागा धरलीय ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये 'इन्क्लूड व्हिडिओज' चालू असेल तर बंद करा. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ जपून ठेवायला १५ जीबी घालवण्यात अर्थ नाही.

स्पॅमचा कप्पाही आठवड्याला बघा

जीमेलही चुकतं. कामाचा मेल कधीकधी स्पॅममध्ये पडतो. ज्यांच्या घरात कुणी नोकरीचे, भरतीचे, प्रवेशाचे अर्ज भरलेत त्यांनी आठवड्यातून दोनदा हा कप्पा बघायलाच हवा, कारण ३० दिवसांनी तो मेल कायमचा जातो. खरा मेल सापडला तर उघडून 'नॉट स्पॅम' दाबा आणि तो पत्ता कॉन्टॅक्टमध्ये जतन करा. पुढचे मेल सरळ इनबॉक्समध्ये येण्याची शक्यता वाढते.

मात्र स्पॅममधला मेल 'असेल बाबा खरा' म्हणून उघडून त्यातली लिंक दाबू नका. तिथं पडायला काहीतरी कारण असतं.

खातं दुसऱ्याच्या हातात तर नाही ना?

खेड्यापाड्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. खातं दुकानदाराने किंवा सेतूवाल्याने उघडलं, पासवर्ड त्याच्या वहीत राहिला, रिकव्हरीचा नंबरही कधीकधी त्याचाच. माणूस चांगला असेल, पण ती वही, तो कॉम्प्युटर दहा जणांच्या हाताखाली असतो. म्हणून एवढं तपासा:

१. 'मॅनेज युअर गुगल अकाउंट'मध्ये 'सिक्युरिटी' उघडा. 'युअर डिव्हायसेस'मध्ये तुमचा मेल कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर चालू आहे ते दिसतं. ओळखीचं नसेल ते 'साइन आउट' करा.

२. रिकव्हरी नंबर तुमचाच आणि चालू असलेला आहे ना, ते बघा. जुनं सिम बंद पडलं असेल तर बदला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते.

३. पासवर्ड बदला. मुलाचं नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर ठेवू नका. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड एकच नको. घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल, फोनच्या मागे चिकटवू नका.

४. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा. मग पासवर्ड कुणाला कळला तरी तुमच्या फोनवर विचारल्याशिवाय खातं उघडत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं खातंही याच वेळी तपासून द्या. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गुगल बंद करून पुसू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

पुढं कचरा वाढू नये म्हणून

दोन पत्ते ठेवा. एक बँक, सरकार, शाळा-कॉलेज यांच्यासाठी. दुसरा खरेदी, गेम, लकी ड्रॉ, चौकशी यांच्यासाठी. दुसरा भरला तरी पहिला स्वच्छ राहतो.

फॉर्म भरताना तळाला 'आमच्या ऑफर पाठवा' या चौकोनात आधीच टिक केलेली असते, ती काढा. जिथं मेल देणं सक्तीचं नाही तिथं देऊ नका. दुकानात बिलासाठी मेल विचारला तर "नको, कागदावर द्या" म्हणा.

जीमेलमध्ये एक सोपी युक्तीही आहे. आपल्या पत्त्यात @ च्या आधी अधिकची खूण आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. क्लासच्या चौकशीसाठी पत्ता देताना '+class' या इंग्रजी शब्दासारखं काही जोडून दिलंत आणि त्या पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या, तर पत्ता कुणी विकला ते समजतं.

लिंक दाबली गेली, आता काय?

नुसती उघडली आणि काही भरलं नाही, तर बंद करा. मेल रिपोर्ट करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पासवर्ड भरला असेल तर लगेच बदला आणि 'डिव्हायसेस'मधून सगळीकडून साइन आउट करा.

अ‍ॅप टाकलं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, ते अ‍ॅप काढा, आणि बँकेला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० वर. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या. तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही करता येते, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तर येतेच. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. तो फसवा मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे.

वेळेचं महत्त्व नियमातही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले गेले. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसणं परवडत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोबाईलवरचे जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस बंद करायला १९०९ हा क्रमांक आहे. तो ई-मेलला लागू नाही. नुसत्या जाहिरातीच्या मेलसाठी अमेरिकेत २००३ पासून वेगळा कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. फसवणूक मात्र गुन्हाच आहे. कॉम्प्युटर किंवा मोबाईल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आज रात्री जेवण झाल्यावर एवढं करा

- जीमेल उघडा. ओळखीच्या पाच कंपन्यांना अनसबस्क्राइब करा.
- अनोळखी दहा मेल रिपोर्ट स्पॅम करा.
- स्पॅमचा कप्पा एकदा बघा, कामाचं काही पडलंय का.
- स्टोरेज किती उरलंय ते बघा.
- सिक्युरिटीमध्ये अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, रिकव्हरी नंबर तपासा.
- फोनमध्ये १९३० हा नंबर 'सायबर मदत' नावाने जतन करा.

पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवशी कचरा संपणार नाही, पण आठवडाभर रोज पाच मेल रिपोर्ट केलेत तर फरक दिसायला लागेल. घरात ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांचा फोनही सोबत बसून तपासून द्या, आणि ही माहिती गावच्या ग्रुपवर पाठवा.